उष्माघातासारखी दिसलेली धोतऱ्याची विषबाधा: खान्देशातलं एक प्रकरण

खान्देशात एप्रिल-मे महिन्यात अंग तापलेला, बरळणारा म्हातारा माणूस दवाखान्यात आणला की सगळ्यांच्या तोंडी एकच निदान येतं: ऊन लागलं. त्यात गैर काही नाही. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर चढतो, रात्रीसुद्धा घराच्या भिंती गरम असतात, आणि उष्माघातात थंड करायला उशीर झाला तर मेंदू, यकृत, मूत्रपिंडं सगळ्यांनाच त्याची किंमत मोजावी लागते. त्यामुळे शंका आली की आधी थंड करायला घ्या, हे मी आजही सांगेन. पण त्याच दिवसांत, तेच रूप घेऊन दुसरंही काही येऊ शकतं. ग्रामीण भागात काम करणारे डॉक्टर, सिस्टर, आरोग्यसेवक आणि पेशंटला गाडीत घालून आणणारे नातेवाईक या सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

रुग्ण ७२ वर्षांचे शेतकरी, पारोळा-अमळनेर पट्ट्यातले. घरात त्यांना नाना म्हणतात, इथेही तेच म्हणू. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. जुना दमा, प्रोस्टेट वाढलेली, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. बीपी नाही, शुगर नाही, दारू कधीच नाही.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा आठवडा होता. लेकी माहेरी आलेल्या, दिवसभर चुलीवर खापर चढलेलं, मांडे आणि आमरस. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास नाना "तोंड सुकलं" म्हणून पाणी मागू लागले. दोन-तीन तांबे पाणी दिलं तरी तहान भागेना, आणि घोट गिळताना त्रास होऊ लागला. नंतर म्हणाले, नीट दिसत नाही. दहापर्यंत ते खाटेवरून उठून भलतीकडे चालू लागले, मुलाला त्याच्या काकाच्या नावाने हाका मारू लागले. अंग हाताला चटका बसेल इतकं गरम. गावाजवळच्या दवाखान्यात सलाईन लावलं, ओल्या चादरीत गुंडाळलं आणि चिठ्ठी देऊन पुढे पाठवलं. चिठ्ठीत लिहिलं होतं: उष्माघात, मेंदूज्वराची शंका. ते सलाईन आणि ती ओली चादर दोन्ही योग्यच होतं. दोन्हींचा नानांना फायदा झाला.

आमच्याकडे आले तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. ताप गुदद्वारातून मोजला, १०३.२ फॅरनहाइट. उष्माघातासाठी पुस्तकात १०४ चा आकडा असतो, पण वाटभर ओली चादर अंगावर असल्याने तो खाली आलेला असू शकतो, म्हणून आकड्यावरून काहीच ठरवता येत नव्हतं. नाडी १३८, रक्तदाब १६० बाय ९४, ऑक्सिजन ९६ टक्के. ग्लुकोमीटरवर साखर १४८. ही साखर सगळ्यात आधी पाहिली. भान हरपलेल्या कुठल्याही माणसाची ती आधीच पाहायची; शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत साखर उतरून झटका, लकवा, वेड यांपैकी कशाचंही सोंग होऊ शकतं आणि त्यावर इलाज दोन मिनिटांचा असतो.

चेहरा लाल, कातडी कोरडी, जीभ लाकडासारखी. बोलणं चालू होतं, पण शब्द ओठांतल्या ओठांत, पुटपुटल्यासारखं. मान ताठ नव्हती. दोन्ही हात-पाय सारखे हलत होते, तोंड वाकडं नव्हतं. आणि हात. नानांचे दोन्ही हात एक क्षण थांबत नव्हते. चादरीवरून काहीतरी चिमटीत उचलायचे, डाव्या हातात साठवायचे, मग कमरेशी नेऊन सोडायचे, पुन्हा चादरीवर. मुलगा बाजूला उभा होता, तो म्हणाला, "कापूस येची ऱ्हायनात." अगदी तसंच होतं ते. पन्नासेक वर्षं बोंडं वेचलेले हात आता चादरीवरचा कापूस वेचत होते, कमरेला ओटी नसताना ओटीत टाकत होते. भ्रमात माणूस हवेतून, कपड्यांवरून काहीतरी उचलत राहतो, हे धोतऱ्याच्या विषबाधेच्या वर्णनात नेहमी येतं. पण तापातल्या, दारू सुटलेल्या, यकृत बिघडलेल्या रुग्णातही ते दिसतं. त्यामुळे तेवढ्यावरून निदान होत नाही, फक्त लक्ष जातं.

निदानाकडे वळवलं ते आमच्या वॉर्डच्या सिस्टरांनी. नानांच्या कपाळावरची पट्टी बदलताना त्यांनी टॉर्च डोळ्यांवर मारला आणि म्हणाल्या, "सर, ह्यांना कुणी ॲट्रोपिन दिलंय का? फवारणीवाल्यांना जास्त झालं की अस्सेच दिसतात."

या एका वाक्यामागे खान्देशचा सगळा पावसाळा आहे. जुलै ते ऑक्टोबर कापसावर फवारणी चालते आणि कीटकनाशकाची बाधा झालेले लोक येत राहतात. सेंद्रिय फॉस्फरस गटाच्या औषधांनी माणूस सगळीकडून ओला होतो. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, छातीत खरखर, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक. त्यावर ॲट्रोपिन देतात, छाती कोरडी होईपर्यंत. मात्र डोस गरजेपेक्षा पुढे गेला की चित्र उलटं होतं: ताप चढतो, पोटातले आतड्यांचे आवाज बंद होतात, पेशंट बरळतो, हात हवेत फिरवतो, लघवी तुंबते. हे उलटं चित्र ज्यांनी रात्र-रात्र जागून पाहिलंय त्यांना ते पुस्तकाशिवाय ओळखू येतं. धोतऱ्यात तेच ॲट्रोपिन आहे, सोबत हायोसायमिन आणि स्कोपोलामिन. पानं, फुलं, मुळं, बोंड, बी, सगळ्यात, बियांत जास्त.

नानांच्या बाहुल्या दोन्हीकडे रुंद, जवळपास सगळं बुबुळ व्यापलेलं, उजेडाला हलत नव्हत्या. ऑपरेशन झालेल्या डोळ्याची बाहुली वेगळी दिसू शकते, आणि डोळ्यांत थेंब टाकले असतील तरी रुंद होते, म्हणून ते आधी विचारून घेतलं. थेंब चालू नव्हते, आणि रुंदी दोन्ही डोळ्यांत सारखी होती. उष्माघातात बाहुल्या अशा पसरलेल्या आणि गोठलेल्या राहतील अशी अपेक्षा नसते.

मग काखेत हात घातला. मे महिन्यात इथली हवा इतकी सुकी असते की घाम येतो तिथेच उडून जातो, हात-कपाळ सगळ्यांचंच कोरडं लागतं; काख मात्र ओली असते. नानांची काख पूर्ण कोरडी होती. अर्थात म्हाताऱ्या माणसाच्या उष्माघातातही घाम थांबलेला असतो, म्हणून हाही पुरावा एकट्याने पुरेसा नाही. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून मिनिटभर ऐकलं, काहीच आवाज नाही.

सगळ्यात बोलका पुरावा बेंबीखाली होता. "सकाळपासून लघवीच नाही केली," असं मुलगा सांगत होता आणि ऊन लागलेल्या माणसाबद्दल हे ऐकलं की अंगातलं पाणी कमी झालं असं कुणीही म्हणेल. पण पोट बोटांनी ठोकून पाहिलं तर लघवीची पिशवी बेंबीपर्यंत आलेली. कॅथेटर घातला. १,१०० मिलिलिटर लघवी निघाली, आणि रंग फिका. उन्हाने सुकलेल्या माणसाच्या पिशवीत थोडीशी, गडद, चहासारखी लघवी असते. नानांचं मूत्रपिंड व्यवस्थित काम करत होतं, पाणी पोचत होतं. पिशवी आकुंचन पावत नव्हती एवढंच. प्रोस्टेटमुळे तुंबली असं म्हणता आलं असतं, आणि प्रोस्टेटचा त्यात वाटा होताही. पण प्रोस्टेट बाहुल्या रुंद करत नाही, आतडी गप्प करत नाही.

आणखी एक गोष्ट होती, जी नसल्यामुळे लक्षात आली. जुना दमेकरी, चुलीचा धूर, नाडी १३८, आणि छाती स्वच्छ. एक शिट्टी नाही. दमेकऱ्याची छाती इतकी मोकळी का, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण त्याचं उत्तर घरातच मिळणार होतं.

घरच्यांना विचारणं हा या प्रकरणातला सर्वात नाजूक भाग. मुलाला आधीच विचारून झालं होतं की काही विषारी वगैरे पोटात गेलं का. त्याचा चेहरा पडला. "साहेब, नाना इख कसाले खातीन? घरमा आखाजी शे." तो खोटं बोलत नव्हता. आपल्याकडे विष म्हटलं की लोकांसमोर उभा राहतो तो आत्महत्येचा प्रयत्न, पोलीस, गावभर बोभाटा. नानांनी तसलं काही केलं नव्हतं, मग तो "हो" म्हणणार तरी कसा? घरातल्या काढ्याला, पाल्याला, चूर्णाला लोक विष समजत नाहीत. त्यांच्या लेखी ते औषध असतं. म्हणून या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमीच "नाही" येतं, आणि ते नाही आपण केसपेपरवर लिहून टाकतो.

सिस्टर आजींना घेऊन पाण्याच्या माठापाशी बाकावर बसल्या. बरोबर कुणी पुरुष माणूस नाही, हातात कागद-पेन नाही. विचारलं एवढंच, "आजी, काल चुलीचा धूर झाला, नानांना धाप लागली असेल ना? मग रात्री काय काय केलं?" आजींनी सगळं सांगितलं. पंप संपला होता, सणाच्या गडबडीत आणायचा राहून गेला. पाहुण्यांपैकी एकाने सांगितलं, दम्याला पाला चांगला. "धोतराना पाला उकाळीसन दिधा व्हता. रातले एक पेला, सकाळे एक." रात्रीच्या पेल्याने धाप बसली, नाना झोपले. गुण आला म्हणून सकाळी सातला पुन्हा दिला, आणि या वेळी पाला जास्त वेळ उकळला.

यात मला आजींना दोष द्यावासा वाटत नाही. धोतऱ्याचा पाला दम्यासाठी जुना आहे. वाळलेल्या पानांचा धूर ओढण्याची चाल अनेक ठिकाणी होती. ॲट्रोपिन श्वासनलिका सैल करतं हे खरंच आहे, आणि आज दम्यासाठी पंपातून देतात ते इप्रॅट्रोपियम त्याच कुळातलं. फरक मात्रेचा. इप्रॅट्रोपियम फुप्फुसातच राहावं, मेंदूत शिरू नये असं घडवलेलं आहे. धोतऱ्याच्या झाडाझाडात, ऋतूऋतूत विषाचं प्रमाण बदलतं. पेल्यात किती उतरलं ते कुणालाच कळत नाही. धुरापेक्षा काढ्यात धोका कितीतरी मोठा.

आजींना लगेच दुसरं विचारलं: हा काढा घरात अजून कुणी प्यायला? कडू झालाय का पाहायला त्यांनी स्वतः एक घोट घेतला होता. त्यांची जीभ कोरडी होती, बाहुल्या थोड्या मोठ्या, बाकी शुद्ध पक्की. त्यांनाही रात्रभर देखरेखीत ठेवलं. लेकरांपैकी कुणी घेतला नव्हता, याची दोन-दोन जणींकडून खात्री केली. हा प्रश्न कधीही विसरू नये. एकाच घरातल्या दोघांना सारखी लक्षणं असणं हा विषबाधेच्या बाजूचा फार मोठा पुरावा असतो, आणि दुसरा रुग्ण बऱ्याचदा पहिल्याच्या उशाशी बसलेला असतो.

निदान हाती आलं म्हणून बाकीच्या शक्यता सोडल्या नाहीत. मलेरियाची तपासणी केली, नकारात्मक आली. सोडियम, क्रिएटिनिन ठीक. यकृताच्या तपासण्या त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही ठीक. खऱ्या उष्माघातात त्या पहिल्या एक-दोन दिवसांत चढतात. ईसीजीत नाडी जलद, बाकी आलेख ठीक, क्यूआरएस (ठोक्याची मुख्य टोकदार रेषा) अरुंद. हा ईसीजी मुद्दाम काढला. झोपेच्या किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिनसारखी गोळी जास्त पोटात गेली तरी चित्र असंच दिसतं, पण त्यात ईसीजीवरचा क्यूआरएस रुंदावतो आणि तेव्हा सोडियम बायकार्बोनेट तातडीने द्यावं लागतं. सर्दी-खाजेच्या गोळ्या, पोटदुखीचं डायसायक्लोमिन, मानसिक आजाराच्या औषधांसोबत देतात ते ट्रायहेक्सिफेनिडिल, यांनीही हेच रूप येऊ शकतं. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी मागवून घेतली. तापात भान गेलेल्या माणसात मेंदूज्वराची शंका शिल्लक असेल तर पाठीतल्या पाण्याची तपासणी होईपर्यंत प्रतिजैविकं थांबवायची नसतात. ती आम्ही पहिल्या तासात दिली, आणि ताप उतरून चित्र स्पष्ट झाल्यावर बंद केली.

उपचारात सगळ्यात जास्त लक्ष कशावर ठेवलं, तर काय द्यायचं नाही यावर. बरळणारा, उठून पळणारा पेशंट आला की हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन एकत्र टोचायची सवय आपल्याकडे जुनी आहे. इथे ती जोडी घातक. प्रोमेथाझिन स्वतःच ॲट्रोपिनच्या दिशेने काम करतं, म्हणजे जे विष अंगात आहे त्यातच भर. हॅलोपेरिडॉल अंगाची उष्णता बाहेर टाकायला अडथळा आणू शकतं आणि झटक्याचा धोका वाढवतं. नानांना लोराझेपाम दिलं, २ मिलिग्रॅम शिरेतून सावकाश, श्वासावर नजर ठेवून. संध्याकाळी पुन्हा एकदा. दमेकरी, वयस्क माणूस, म्हणून ऑक्सिजन आणि नळी घालण्याची तयारी शेजारी होती. हात-पाय बांधले नाहीत. बांधलेला माणूस झुंजतो, झुंजला की ताप वाढतो, स्नायू तुटतात. खोलीत अंधार केला, पंख्यासमोर अंग पुन्हा पुन्हा ओलं करत राहिलो, आणि नातेवाइकांपैकी एकच माणूस जवळ ठेवला. पॅरासिटामॉल दिलं नाही. घाम बंद झाल्यामुळे चढलेल्या तापावर ते उपयोगाचं नाही.

पोट धुतलं नाही आणि कोळशाची पूडही पाजली नाही. काढा पोटात जाऊन सहा तास झाले होते, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काही ओतलं तर ते फुप्फुसात जाण्याचीच भीती. फायसोस्टिग्माइन हा या विषावरचा खरा उतारा, मेंदूत पोचणारा. पण तो आपल्याकडे सहज मिळत नाही. निओस्टिग्माइन प्रत्येक भूलतज्ज्ञाच्या पेटीत असतं, पण ते मेंदूत शिरत नाही, त्यामुळे भ्रमावर त्याचा उपयोग नाही. अशा वेळी सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास फोनवर मिळतं, १८०० ११६ ११७. हा नंबर अपघात विभागाच्या भिंतीवर असायला हवा. धुळ्याला मेडिकल कॉलेजमध्ये हलवण्याची तयारीही ठेवली होती. झटका आला, क्यूआरएस रुंदावला किंवा ताप तासाभरात उतरला नाही तर हलवायचं असं घरच्यांना सांगून ठेवलं. ताप उतरला.

पोलिसांना कळवणं भाग होतं. विषबाधेची नोंद एमएलसी (पोलिसांना कळवायचं वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) म्हणून होतेच, हे मुलाला मी बाजूला बसवून समजावलं. नोंदीत काय लिहिणार आहे ते त्याला आधी वाचून दाखवलं: दम्यासाठी घरगुती काढा, चुकून जास्त मात्रा. तो शांत झाला आणि संध्याकाळी स्वतः गावी जाऊन पाल्याचा डबा घेऊन आला. डब्यात वाळलेल्या पानांबरोबर फुटलेल्या काटेरी बोंडांचा चुरा आणि बियाही होत्या. चपट्या, तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराच्या, अंगावर बारीक खड्डे. मिरचीच्या बियांशी त्यांची गल्लत होते म्हणून न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत त्यांचा फरक मुद्दाम शिकवतात. मिरचीची बी पिवळसर आणि गुळगुळीत असते. सकाळच्या पेल्यात पानांबरोबर बियाही उकळल्या गेल्या असणार. पहिल्या पेल्याने गुण आणि दुसऱ्याने भ्रम, याचा उलगडा त्या डब्यात झाला.

पुढचा प्रवास हळू होता. धोतरा आतड्यांची हालचाल थांबवतो, त्यामुळे पोटातलं विष रेंगाळत रक्तात जातं आणि परिणाम लांबतो. पहिल्या रात्री नाना मधूनमधून कापूस वेचतच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी पोटात आवाज आले, तहान भागू लागली, त्यांनी आजींना ओळखलं. काढा प्यायल्यापासून दीड दिवसाने पूर्ण शुद्ध आली. मधला काळ त्यांना आठवत नाही. बाहुल्या मात्र आणखी बरेच दिवस मोठ्या राहिल्या. जवळचं वाचता येईना, उजेड सोसेना. डोळे गेले की काय या धास्तीने ते रडले. हे परत येणार आहे, हे त्यांना रोज सांगावं लागलं.

विषबाधा दुसऱ्या आजाराचं रूप घेऊन येते ती फक्त धोतऱ्यातच असं नाही. फवारणीचं औषध अंगात गेलेला बेशुद्ध माणूस बारीक बाहुल्यांमुळे मेंदूतल्या रक्तस्रावासारखा दिसतो. त्यात त्याची साखर तात्पुरती चढलेली सापडली तर शुगरच्या गुंतागुंतीचं निदान होतं, आणि कपड्यांना येणाऱ्या वासाकडे दुर्लक्ष होतं. मण्यार चावलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या खाली येतात, जीभ जड होते, चाव्याची खूण सापडत नाही आणि घरचे लकवा म्हणून आणतात. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब तिच्या विषारी वायूमुळे (कार्बन मोनॉक्साइड) डोकेदुखी-उलटी घेऊन येतं आणि अन्नातून बाधा समजली जाते. या प्रत्येकात ऋतू, वय आणि जुना आजार मिळून एक सोयीचं निदान तयार करून देतात. तेव्हा त्या निदानात न बसणारी खूण शोधायची असते: बाहुल्या, काख, पोटातले आवाज, लघवीची पिशवी, वास, आणि शेजारी बसलेल्या माणसाची तब्येत. याला पाच मिनिटं लागतात आणि कुठलंही यंत्र लागत नाही.

चौथ्या दिवशी कॅथेटर काढला, नानांना लघवी स्वतःहून झाली. प्रोस्टेटसाठी सर्जनची तारीख दिली. दम्याचा पंप स्पेसरसह (पंपाला जोडायची पोकळ नळी) दिला, तो कसा ओढायचा ते नानांबरोबर आजींकडूनही करून घेतलं, आणि एक जास्तीचा पंप घरात ठेवायला सांगितलं. पंप संपत आलाय हे मोजणाऱ्या आकड्यावरून कसं ओळखायचं ते नातीला दाखवलं, कारण घरात तिलाच ते बारीक अक्षर वाचता येतं. डिस्चार्ज कार्डावर निदान मराठीत आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: धोतऱ्याच्या काढ्याची विषबाधा.